कालाबारची बी

वाल, पावटा, घेवडा, चवळी ही आपल्या रोजच्या जेवणातली मंडळी. त्यांच्या जवळच्या भाऊबंदांत पश्चिम आफ्रिकेतला एक वेल मोडतो. त्याची बी कोणी हौसेनं खात नाही. एकोणिसाव्या शतकात ती आरोपीला खायला घालत आणि तो जगतो की मरतो यावरून त्याचा गुन्हा ठरवत. पुढच्या शंभर वर्षांत याच बीमुळे काचबिंदूवर पहिलं औषध मिळालं, मज्जातंतू स्नायूंशी कसे बोलतात हे उलगडायला मदत झाली, आणि अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाचं नाव जगाला ठाऊक झालं. एवढी लांबची वाट चाललेली दुसरी बी मला तरी माहीत नाही.

शेंगवर्गातल्या बियांत विष असणं नवलाचं नाही. जमिनीवर पडलेली बी प्राण्यांनी, किड्यांनी फस्त करू नये म्हणून झाडानं केलेली ती तजवीज असते. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा पोटात गेला तर उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार होतो. लाखोळी डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खावी लागली की पाय लुळे पडतात. विदर्भ-छत्तीसगडच्या बाजूला दुष्काळात हे घडलेलं आहे. कडधान्यं भिजवायची, ते पाणी फेकून द्यायचं, नीट शिजवायची, या आपल्या बायकांच्या शिस्तीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. कालाबारच्या बीचं विष मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीचं. ते थेट मज्जातंतूंवर काम करतं.

कालाबार म्हणजे आजच्या नायजेरियाचा आग्नेय कोपरा. क्रॉस नदी समुद्राला मिळते तिथल्या खाड्यांच्या जाळ्यात एफिक लोकांची क्रीक टाउन, ड्यूक टाउन, ओल्ड टाउन अशी व्यापारी गावं होती. युरोपीय जहाजांशी व्यवहार करून ही गावं गबर झाली होती. आधी व्यापार होता गुलामांचा. ब्रिटननं १८०७ मध्ये त्यावर बंदी घातल्यावर हळूहळू पामतेलाचा व्यापार वाढला. लिव्हरपूलच्या साबण कारखान्यांना हे तेल हवं असे. एफिक सरदार इंग्रजी बोलत, हिशेब लिहीत, इंग्लंडहून घरासाठी सामान मागवत. गावांचा कारभार 'एक्पे' या मंडळाच्या हाती असे. एक्पे म्हणजे बिबट्या. त्या मंडळाचा हुकूम मोडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

या समाजात कोणी मोठा माणूस अचानक वारला की संशय यायचा तो चेटकाचा. ज्याच्यावर आळ येई त्याला 'एसेरे' खावी लागे. एसेरे हे या बीचं एफिक नाव. बी साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब, चॉकलेटी रंगाची, टणक, आणि एका कडेला लांबलचक काळी खाच असलेली. ती कुटून पाण्यात कालवून पाजत किंवा तशीच चावून खायला लावत. मग आरोपीनं सर्वांसमोर चालत राहायचं. तोंडाला फेस येई, अंग थरथरे, पायांतलं त्राण जाई आणि शेवटी श्वास बंद पडे. उलटी होऊन बी बाहेर पडली तर तो निर्दोष. या बीवर द्वंद्वही होत असे. एका बीचे दोन तुकडे करायचे, दोन्ही वैऱ्यांनी अर्धी अर्धी खायची. पुष्कळदा दोघेही मरत.

मराठी वाचकाला ही पद्धत अगदीच परकी वाटू नये. याज्ञवल्क्य स्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्यं सांगितली आहेत, त्यात विष आहेच. मराठेशाहीत वतनाचा तंटा साक्षी-पुराव्यानं सुटला नाही तर रवादिव्य होत असे. उकळत्या तेल-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी तो उघडून निकाल द्यायचा. सत्य कोणाच्या बाजूला आहे ते देवच दाखवील ही श्रद्धा दोन्हीकडे एकच होती.

निरपराध माणूस निर्धास्तपणे बी पटकन गिळून टाकतो म्हणून त्याला उलटी होते, आणि अपराधी भीत भीत हळूहळू खातो म्हणून विष अंगात भिनतं, असं एक स्पष्टीकरण वारंवार दिलं जातं. ऐकायला ते छान आहे. पण त्यावर विसंबून या प्रथेला शहाणपणाचं रूप देणं मला पटत नाही. राजा वारल्यावर एकमेकांवर आळ घेणारी घराणी, गुलाम आणि विधवा यांच्यावर ही बी लादली जात होती. कोणाला ती खायला लागणार हे आधी सत्ता ठरवायची. बीचा क्रम त्यानंतरचा.

या प्रकाराची पहिली लेखी खबर युरोपला दिली विल्यम डॅनिएल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं, १८४६ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये होप वॉडेल हा प्रेस्बिटेरियन मिशनरी जमैकाहून कालाबारला पोचला. त्याच्या मिशनचा पाठीराखा देश स्कॉटलंड होता, त्यामुळे बिया गेल्या त्या एडिंबरोला. मिळवणं सोपं नव्हतं. न्यायासाठी लागतील तेवढे वेल राखून बाकीचे उपटून टाकायचे असा सरदारांचा हुकूम असल्याचं तेव्हाचे लोक सांगतात. इतकं जहाल हत्यार कोणाच्याही परसात उगवू द्यायचं नाही, हा विचार कोणत्याही राज्यकर्त्याला सुचेल असाच आहे.

एडिंबरोत या बिया रॉबर्ट ख्रिस्टिसन या प्राध्यापकाकडे आल्या. विषविद्येतला तो ब्रिटनमधला मोठा अधिकारी होता. विषांवरचा त्याचा ग्रंथ १८२९ मध्ये निघाला होता, आणि बर्क व हेअर यांच्या गाजलेल्या खून खटल्यात त्यानं वैद्यकीय साक्ष दिली होती. १८५५ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यानं या बीची परीक्षा स्वतःवर घ्यायची ठरवलं. एका रात्री झोपण्यापूर्वी बीचा आठवा भाग खाल्ला. विशेष काही झालं नाही, अंग थोडं बधिरल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चौथा भाग चावून खाल्ला. थोड्याच वेळात घेरी येऊ लागली आणि मात्रा जास्त झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. उलटी काढायला हाताशी दुसरं काही नव्हतं. नुकतीच दाढी केलेलं साबणाचं पाणी तेवढं समोर होतं. ते तो घटाघटा प्यायला. उलटी झाली आणि त्यानंच तो वाचला. सहकारी डॉक्टर धावून आले तेव्हा नाडी मंद आणि अनियमित होती, हातपाय ऐकत नव्हते. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख होतं. काय काय होतंय ते तो टिपत राहिला आणि त्याच वर्षी त्यावर निबंध छापला. कालाबारच्या वाटेवर आरोपी कसे चालत असतील, याची जाणीव अंगावर घेतलेला हा पहिला युरोपीय शास्त्रज्ञ म्हणायला हवा.

वेलाला शास्त्रीय नाव दिलं एडिंबरोच्याच जॉन हटन बाल्फोरनं, १८६१ मध्ये: फायसोस्टिग्मा व्हेनेनोसम. मग ख्रिस्टिसनचं काम थॉमस फ्रेझर या विद्यार्थ्यानं पुढे नेलं. त्याचा जन्म कलकत्त्याचा. एकविसाव्या वर्षी, १८६२ मध्ये, त्यानं या बीवर पदवीचा प्रबंध लिहिला आणि सुवर्णपदक मिळवलं. बीचा अर्क डोळ्यात घातला की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, हे त्यात नोंदलेलं होतं. फ्रेझरनं ही गोष्ट डग्लस आर्गाइल रॉबर्टसन या नेत्रवैद्याला सांगितली. रॉबर्टसननं अर्क स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला आणि १८६३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळे तपासताना ॲट्रोपिन घालून बाहुली मोठी करण्याची रीत होती, पण ती परत लहान करायला वैद्यांकडे काही नव्हतं. आता मिळालं. फ्रेझर तिथे थांबला नाही. कालाबारची बी आणि ॲट्रोपिन ही दोन विषं एकमेकांचा उतारा आहेत का, असा प्रश्न घेऊन त्यानं पुढची कित्येक वर्षं प्राण्यांवर मोजूनमापून प्रयोग केले. एका विषाची प्राणघातक मात्रा दुसऱ्या विषाच्या योग्य मात्रेनं निष्प्रभ होते हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. दोन औषधांतल्या विरोधाचा इतका काटेकोर अभ्यास त्याआधी क्वचितच झाला होता.

हाच फ्रेझर १८९८ मध्ये सरकारी प्लेग आयोगाचा अध्यक्ष होऊन हिंदुस्थानात आला. मुंबई-पुण्यात प्लेगनं हाहाकार उडवला होता, पुण्यात रँडचा वध होऊन वर्ष उलटलं होतं आणि हाफकिनच्या लशीवरून वाद रंगला होता. मुंबईत साक्षी नोंदवणारा हा वयस्क प्राध्यापक तरुणपणी कोणत्या बीच्या पाठीमागे लागला होता, हे त्याच्यासमोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

एक दुःखद घटना इथे सांगायलाच हवी. ऑगस्ट १८६४ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीत पश्चिम आफ्रिकेहून आलेल्या जहाजाचा केरकचरा उकिरड्यावर टाकला गेला. त्यात या बिया होत्या. गरीब वस्तीतली मुलं खेळता खेळता तिथे आली आणि खायची वस्तू समजून त्यांनी बिया फोडून खाल्ल्या. पन्नासच्या आसपास मुलांना विषबाधा झाली. बहुतेकांना उलट्या झाल्या आणि ती बचावली. सहा बिया खाल्लेला सहा वर्षांचा एक मुलगा मात्र दगावला.

त्याच वर्षी योबस्ट आणि हेसे या जर्मन रसायनज्ञांनी बीतलं विष वेगळं काढलं आणि त्याला फायसोस्टिग्मिन म्हटलं. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये व्हे आणि लेव्हाँ यांनी ते स्फटिकरूपात मिळवलं आणि एसेरेवरून एसेरिन असं नाव दिलं. त्यानंतर लुडविग लाकर या स्ट्रासबर्गच्या नेत्रवैद्यानं १८७६ च्या सुमारास ते काचबिंदूच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. लाकरला स्वतःलाच काचबिंदू होता. तोवर या रोगावर शस्त्रक्रियेखेरीज इलाज नव्हता. डोळ्यात थेंब टाकून आतला दाब उतरवता येतो हे पहिल्यांदाच सिद्ध झालं. इकडे कालाबारात १८७८ मध्ये ब्रिटिश वकिलानं तिथल्या सरदारांशी करार करून एसेरेचं दिव्य बंद करायचं ठरवलं. आतल्या मुलुखात ते त्यानंतरही चालू राहिलं.

हे विष शरीरात नेमकं काय करतं, याचं उत्तर मिळायला १९२६ साल उजाडलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ओटो लोवी यानं १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून दाखवलं होतं की मज्जातंतू आपला हुकूम एका रसायनामार्फत पोचवतो. ते रसायन ॲसिटिलकोलीन. पण ते क्षणात नाहीसं होत असल्यानं पकडणं अवघड जाई. शरीरातलं एक विकर त्याचा लगेच चुराडा करतं, आणि एसेरिन त्या विकराला अडवतं, हे लोवी आणि नवरातिल यांनी १९२६ मध्ये सिद्ध केलं. एसेरिन असलं की ॲसिटिलकोलीन साचून राहतं. बाहुली बारीक होणं, लाळ सुटणं, हृदय मंदावणं, स्नायू थरथरून मग गळून पडणं, कालाबारच्या मैदानात दिसणारं सगळं या एका कारणानं घडत होतं. संशोधकांना मात्र आता त्या क्षणभंगुर रसायनाला प्रयोगशाळेत टिकवून धरायचं साधन मिळालं. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चा नोबेल पुरस्कार मिळाला, त्यामागच्या प्रयोगांत एसेरिनचा वाटा फार मोठा आहे.

त्या पुरस्काराच्या दोन वर्षं आधी लंडनमधल्या ग्रिनिचमध्ये, गरिबांसाठी असलेल्या सेंट आल्फेज रुग्णालयात, मेरी वॉकर ही स्कॉटिश डॉक्टर काम करत होती. मोठ्या संशोधन संस्थेचा तिला आधार नव्हता. तिच्या वॉर्डात मायस्थेनिया ग्रॅव्हिसची एक रोगी बाई होती. या रोगात पापण्या उघडत नाहीत, घास गिळवत नाही, हात वर उचलत नाहीत. हा रोग क्युरारे या दक्षिण अमेरिकी बाणविषाच्या बाधेसारखा दिसतो, असं भेटीला आलेल्या एका मज्जातंतुतज्ज्ञानं बोलता बोलता म्हटलं. क्युरारेचा उतारा फायसोस्टिग्मिन आहे, हे वॉकरला ठाऊक होतं. तिनं इंजेक्शन दिलं. तासाभरात बाईंची पापणी वर आली, गिळणं सोपं झालं, हात उचलला गेला. काही तासांनी औषधाचा असर ओसरला आणि पुन्हा दिलं की पुन्हा तोच गुण आला. जून १९३४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचं छोटंसं पत्र छापून आलं. तोवर ज्या रोगापुढे वैद्यक हात टेकत होतं, त्याच्यावर पहिला खरा इलाज त्या पत्रानं दिला. या शोधाला तिच्या हयातीत मिळायला हवा होता तितका मान मिळाला नाही, असं माझं मत आहे.

औषधाची मागणी वाढली, पण बिया आफ्रिकेच्या जंगलातूनच यायच्या. रेणू प्रयोगशाळेत घडवायचा तर त्याची रचना कळायला हवी. ती १९२५ मध्ये स्टेडमन आणि बार्जर यांनी उलगडली, तीही एडिंबरोतच. आता रचना ठाऊक असलेला हा रेणू आधी कोण बांधतो याची शर्यत लागली. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन हे त्यात सगळ्यांत पुढे होते. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं डिपॉ नावाचं छोटं विद्यापीठ आणि तिथला पर्सी ज्युलियन.

ज्युलियनचा जन्म १८९९ चा, अलाबामातल्या माँटगोमेरीचा. त्याचे आजोबा गुलाम होते. कृष्णवर्णीय मुलांना आठवीच्या पुढे शाळा नसलेल्या गावातून तो डिपॉत आला आणि १९२० मध्ये पहिल्या क्रमांकानं पदवीधर झाला. हार्वर्डनं मास्टर्स दिली. डॉक्टरेटची वाट मात्र तिथे त्याच्या वर्णामुळे बंद झाली. अखेर व्हिएन्नाला जाऊन त्यानं १९३१ मध्ये पीएच.डी. मिळवली. तिथला मित्र योसेफ पिक्ल त्याच्याबरोबर अमेरिकेत आला आणि दोघे डिपॉच्या साध्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हाताशी धरून या रेणूच्या मागे लागले. रॉबिन्सननं मधल्या पायरीवरचा पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो पदार्थ योग्य नसल्याचं ज्युलियनच्या लक्षात आलं. एवढ्या नावाजलेल्या माणसाला छापील निबंधात चूक ठरवणं म्हणजे आपली सगळी कारकीर्द पणाला लावणं होतं. ज्युलियननं ते केलं. १९३५ मध्ये त्यानं आणि पिक्लनं फायसोस्टिग्मिन पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलं, आणि त्यांचा मार्ग बरोबर ठरला. रॉबिन्सनना पुढे इतर कामासाठी नोबेल मिळालं. ज्युलियनला डिपॉनं कायमची प्राध्यापकी दिली नाही, कारण त्याचा वर्ण.

विद्यापीठानं नाकारलेला हा माणूस १९३६ मध्ये शिकागोच्या ग्लिडन कंपनीत सोयाबीनच्या संशोधनाचा प्रमुख झाला. कालाबारच्या बीत स्टिग्मास्टेरॉल नावाचा आणखी एक पदार्थ असतो, आणि तो १९०६ मध्ये पहिल्यांदा याच बीतून वेगळा केला गेला होता. सोयाबीनच्या तेलातही तो असतो. १९४० मध्ये तेलाच्या एका टाकीत पाणी शिरलं आणि तळाशी पांढरा थर साचला. दुसऱ्या कोणी तेल नासलं म्हणून फेकलं असतं. ज्युलियननं ओळखलं की हे स्टिग्मास्टेरॉल आहे. त्यापासून त्यानं मोठ्या प्रमाणावर प्रोजेस्टेरॉन बनवायला सुरुवात केली, ज्याचा उपयोग गर्भपात टाळण्यासाठी होत होता. सोयाबीनच्या प्रथिनांपासून त्याच्या हाताखाली बनलेल्या फेसानं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलानं जहाजांवरच्या आगी विझवल्या. लातूर-अकोल्याच्या शिवारात आज डोलणाऱ्या सोयाबीनमध्ये इतकं रसायन दडलेलं आहे, हे ओळखणाऱ्यांत ज्युलियनचं नाव वरचं आहे. आणि तरीही १९५० मध्ये तो शिकागोजवळच्या ओक पार्क उपनगरात घर घ्यायला गेला तेव्हा ते पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी अंगणात स्फोटकं टाकली गेली. त्यानं घर सोडलं नाही.

या बीच्या वंशावळीत आपल्या देशालाही एक जखम आहे. फायसोस्टिग्मिनच्या रेणूत कार्बामेट हा रासायनिक गट आहे. कीटकांचेही मज्जातंतू ॲसिटिलकोलीनवरच चालत असल्यानं त्याच नमुन्यावर कार्बामेट कीटकनाशकं बनली. त्यातलं कार्बारिल, बाजारातलं नाव सेव्हिन, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात तयार होई. ते बनवण्यासाठी साठवलेला मिथिल आयसोसायनेट वायू डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री सुटला आणि हजारो माणसं मेली. त्या वायूचं विष निराळं. पण तो टाकीत भरून ठेवण्याचं कारण जे कीटकनाशक होतं, त्याची रासायनिक कल्पना या बीपासून निघाली होती.

वैद्यकाच्या पुस्तकांत ही कहाणी डॅनिएलपासून किंवा ख्रिस्टिसनपासून सुरू होते. ती त्याआधी सुरू झालेली आहे. त्या दलदलीच्या जंगलात असंख्य वेलींमधून हा एक वेल कोणीतरी ओळखला. त्याच्या अंगची ताकद जाणली, कुटून पाण्यात कालवायची रीत बसवली, ते हत्यार कोणाच्याही हाती लागू नये म्हणून वेलांवर पहारा ठेवला. त्या ज्ञानाचा वापर निर्दयपणे झाला, हे खरं. पण ते ज्ञान एफिक लोकांचं होतं, आणि एडिंबरोच्या सुवर्णपदकांमध्ये त्यांचाही वाटा धरला पाहिजे.

आज काचबिंदूला फायसोस्टिग्मिन कोणी देत नाही, सौम्य औषधं आली आहेत. ॲट्रोपिन किंवा धोतऱ्याच्या विषबाधेत ते अजून कामी येतं. त्याच्या रचनेवरून बेतलेलं रिव्हास्टिग्मिन अल्झायमरच्या रोग्यांना देतात. त्याच घराण्यातलं निओस्टिग्मिन शस्त्रक्रियेनंतर भुलीच्या औषधानं शिथिल झालेले स्नायू पुन्हा चालते करतं. आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात नाग चावलेला रोगी पापण्या मिटलेल्या अवस्थेत येतो तेव्हा प्रतिविषाच्या जोडीला त्याला निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन एकत्र दिलं जातं. फ्रेझरनं ज्या दोन विषांचं वैर मोजलं होतं, त्याच दोन घराण्यांतली ही औषधं.